पॅटर्न कुणाच्या नावाच्या फळीवर?

पत्र

ताई, नमस्कार.

मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका लहान कंपनीत आहे. फौंड्रीतल्या इंडक्शन फर्नेससाठी आम्ही कंट्रोलर बनवतो. आधी बाहेरून आणलेला आर्म प्रोसेसरचा बोर्ड वापरायचो. मग मालकांनी ठरवलं की आतली चिपही आपल्या मनासारखी पाहिजे, म्हणून एफपीजीएवर (आतली जोडणी हवी तशी बदलता येणारी चिप) रिस्क-फाइव्ह या खुल्या सूचनासंचाचा कोअर, म्हणजे प्रोसेसर, बसवला. त्यावर लिनक्स चालतं, फर्नेसही पेटते. माझं काम कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं.

आमचे सर आर्मच्या जुन्या काळापासून बोर्ड उठवत आलेत. टायमर, इंटरप्ट कंट्रोलर, कोअरच्या बाहेर असलेली एल-टू कॅश (मधली जलद मेमरी), रिसेट, चिपमधली किरकोळ रजिस्टरं आणि कोअरमधल्या एका दोषावरचा उपाय, हे सगळं त्यांनी कर्नलच्या 'आर्च/रिस्क-फाइव्ह'खाली, म्हणजे त्या जातीच्या प्रोसेसरपुरता कोड असतो तिथं, आमच्या चिपच्या नावाचा 'मॅक' (मशीन) फोल्डर काढून त्यात ठेवलंय. मी म्हटलं, यातलं बरंच 'ड्रायव्हर्स'मध्ये, उपकरणं चालवणाऱ्या कोडाच्या फोल्डरात, जायला हवं. सर म्हणाले, "चिप आपली, कोअर आपला, मग आर्चमध्ये नको तर कुठं?" कर्नलच्या ५.१५ आवृत्तीवरून ६.६ वर यायला मला तीन आठवडे लागले तेव्हा पुन्हा विषय काढला, तर म्हणाले, "आपल्याला कुठं अपस्ट्रीम, लिनक्सच्या मूळ कोडात, पाठवायचंय?"

हे काम मला सरांनीच शिकवलं. त्यांचा मान मोडायचा नाही. पण बरोबर कुणाचं?

— पेचातला पैलवान, कोल्हापूर

उत्तर

पैलवाना, आधी एक गोष्ट सांगते, मग तुझ्या फोल्डराकडे येते.

बाबांची उद्यमनगरात लहानशी फौंड्री होती. तिच्या पॅटर्नच्या (ज्यावरून वाळूचा साचा घेतात त्या नमुन्यांच्या) खोलीत एका भिंतीला जमिनीपासून पत्र्यापर्यंत फळ्या, आणि प्रत्येक फळीवर लाल रंगानं गिऱ्हाइकाचं नाव. ज्याचा पॅटर्न त्याच्या फळीवर. बघणारा खूश व्हायचा. पंपाचं एक केसिंग तीन गिऱ्हाइकांना जायचं, म्हणून त्याचे तीन पॅटर्न, तीन फळ्यांवर. एकदा फ्लँजची जाडी दोन मिलिमीटरनं वाढवायची ठरली. दोन पॅटर्न दुरुस्त झाले, तिसरा वरच्या फळीवर धूळ खात राहिला. चाळीस कास्टिंग भंगारात गेली तेव्हा त्याची आठवण झाली. बाबांनी भिंत रिकामी केली, नावं खरवडून काढली आणि पॅटर्न मोल्डिंग बॉक्सच्या मापानं लावले. म्हणाले, मोल्डर काय गिऱ्हाइकाचं नाव घेऊन ओरडत नाही. तो ओरडतो, "चौदाच्या बॉक्सचं केसिंग दे!"

तुमच्या सरांनी फळीवर लाल रंगात चिपचं नाव लिहिलंय. तू म्हणतोस ते बरोबर आहे, पण 'सगळं ड्रायव्हर्समध्ये' असं म्हणशील तर तूही फसशील. चिप कुणाची हे बाजूला ठेव. कोडाच्या प्रत्येक तुकड्याला हाक कोण मारतं ते बघ, आणि हाक आल्यावर तो हात कशाला लावतो ते बघ. बहुतेक वेळा पहिल्या प्रश्नातच निकाल लागतो. दुसरा लागतो तो अडलेल्या ठिकाणी, आणि तुझ्याकडे असं एक ठिकाण आहे: कॅश. त्याकडे येतेच.

सरांना 'मॅक' फोल्डर का सुचला हे मला पक्कं माहीत आहे, कारण माझीही सुरुवात तिथंच झाली. पुण्यातल्या माझ्या पहिल्या कंपनीत आम्ही आर्मचा बोर्ड उठवायचो म्हणजे काय करायचो, तर 'आर्च/आर्म'मधला चिपवाल्याचा मॅक फोल्डर उघडायचा, शेजारच्या बोर्डाची सी फाइल कॉपी करायची, नाव बदलायचं आणि पिन, पत्ते, इंटरप्टचे नंबर आपल्या बोर्डाप्रमाणे भरायचे. बोर्ड दोन दिवसांत उठायचा. प्रत्येक चिपवाला हेच करत होता. क्लॉकचा हिशेब प्रत्येकाचा वेगळा: 'स्ट्रक्ट क्लॉक' नावाची रचना ज्यानं त्यानं आपापल्या फोल्डरात वेगळी लिहिलेली, आणि 'क्लॉक एनेबल' हे फंक्शन त्याच नावानं जिथं तिथं. त्यामुळे दोन चिपवाल्यांचा कोड एका कर्नलमध्ये बसायचाच नाही, लिंक करतानाच भांडण. पीसीचं लिनक्स एकाच इमेजमध्ये कुठल्याही मशीनवर उठत होतं आणि आर्मवाल्यांना चिपगणिक वेगळं कर्नल बांधावं लागत होतं.

२०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉर्वाल्ड्स या पसाऱ्यावर जाहीरपणे भडकले. नुसते रागावून ते थांबले असते तर कुणी मनावर घेतलं नसतं. पण त्यानंतर खरंच आवराआवर झाली. आर्मच्या चिपांचे पॅच, म्हणजे कोडातले बदल, एकत्र तपासून पुढं पाठवणारी कर्नलची वेगळी ट्री (शाखा) उभी राहिली. बोर्डाचं वर्णन सी फाइलींतून निघून डिव्हाइस ट्रीत, म्हणजे बोर्डावर काय कुठं आहे ते सांगणाऱ्या वेगळ्या फाइलीत, गेलं. ही पद्धत पॉवरपीसी प्रोसेसरवाल्यांकडे आधीपासून होती. पिनांसाठी सामाईक चौकट कर्नलच्या ३.२ आवृत्तीत आली, क्लॉकसाठी ३.४ मध्ये, दोन्ही २०१२ सालच्या. त्याच डिसेंबरात आलेल्या ३.७ मध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. जुन्या आर्मचं अनेक चिपांवर उठणारं एकच कर्नल शक्य झालं आणि ६४ बिट आर्म नव्यानं आत आलं. त्या ६४ बिटवाल्यांनी 'मॅक' नावाचा फोल्डर पहिल्या दिवसापासून काढलाच नाही. रिस्क-फाइव्ह २०१८ च्या जानेवारीत ४.१५ मधून आलं, तेही तसंच.

सरांसमोर आर्मचा आणि रिस्क-फाइव्हचा, असे दोन फोल्डर शेजारी उघडून ठेव. एकात मॅकची रांग दिसेल, दुसऱ्यात एकही नाही. तू काही बोलायची गरज नाही.

आता एकेक तुकडा घेऊ. टायमर आणि इंटरप्ट कंट्रोलर लवकर उरकतात. तुमचा इंटरप्ट कंट्रोलर 'प्लिक' या रिस्क-फाइव्हच्या ठरलेल्या कंट्रोलरच्या नकाशाप्रमाणे बांधलाय का? एफपीजीएवर कोअर बसवणारे बहुतेक जण तसाच बांधतात. तसं असेल तर 'ड्रायव्हर्स/आयआरक्यूचिप'मध्ये त्याचा ड्रायव्हर तयार आहे, तुमच्या चिपचं नाव डिव्हाइस ट्रीत जोडलं की झालं. टायमरचंही तसंच. कोअर जर नेहमीच्या पद्धतीनं वेळ देत असेल आणि खाली ओपनएसबीआय (कर्नलच्या आधी उठणारं फर्मवेअर) बसलेलं असेल, तर 'ड्रायव्हर्स/क्लॉकसोर्स'मधला रिस्क-फाइव्हचा टायमर उचलून चालतो. सरांनी लिहिलेल्या दोन्ही फाइली मग पुसायच्याच. ओपनएसबीआयचं नाव मुद्दाम घेतलं. भांडण आर्च की ड्रायव्हर्स एवढंच नसतं, खाली फर्मवेअर आहे आणि बाजूला डिव्हाइस ट्री आहे. बूट होताना एकदाच लावायची, पुन्हा कर्नलनं कधी न बघायची रजिस्टरं तुमच्याकडे नक्की असतील. ती फर्मवेअरमध्ये ढकल.

इथं सर एक गोष्ट म्हणतील, आणि ती ऐकण्यासारखी आहे: "टायमर आणि इंटरप्ट इतक्या लवकर लागतात, तेव्हा ड्रायव्हरची यंत्रणा उठलेलीच नसते. म्हणून ते आर्चमध्ये." लवकर लागतात हे खरं. पण त्याची सोय केव्हाच झालीय. 'आयआरक्यूचिप डिक्लेअर' नावाचा मॅक्रो फाइलीच्या तळाशी लिहिला की लिंकर त्या ड्रायव्हरची नोंद एका खास तक्त्यात करतो. आर्चचा कोड योग्य वेळी फक्त "आहे का कुणी?" विचारतो आणि तक्त्यातला ज्याचा त्याचा ड्रायव्हर उठतो. फाइल ड्रायव्हर्समध्ये, हाक बूटच्या अगदी सुरुवातीला. टायमरलाही तसाच मॅक्रो आहे.

आणखी एक पेच सर टाकतील. रिस्क-फाइव्हचा टायमर कोअरच्या आतलं रजिस्टर एका खास सूचनेनं वाचतो, म्हणजे तो थेट प्रोसेसरला चिकटलेला. तरी तो ड्रायव्हर्समध्ये कसा? कारण त्याला हाक मारणारी वेळेची चौकट सगळ्या प्रोसेसरांना सामाईक आहे. टायमर तिचा तक्ता भरतो, तिचेच मेंटेनर, म्हणजे देखभाल करणारे, तो तपासतात. कामगिरी मोजणारे काउंटरही प्रोसेसरच्या पोटात असतात, पण ड्रायव्हर 'ड्रायव्हर्स/पर्फ'मध्ये. तेव्हा 'सीपीयूची सूचना दिसली की आर्च' हा नियम तू कुठं वाचला असशील तर सोडून दे. मलाही तो एकेकाळी फार आवडायचा, लक्षात ठेवायला सोपा म्हणून.

आता कॅश. तुमच्या चिपवर डीएमए करणारं उपकरण मेमरीत परस्पर लिहितं, कोअरच्या कॅशला त्याचा पत्ता नसतो. म्हणून डीएमएच्या आधी-नंतर कॅश साफ करावी लागते, नाहीतर फर्नेसचं तापमान म्हणून मागच्या वाचनाचा आकडा दिसेल आणि कुणाला कळणारही नाही. सफाईचं काम एकच, पण कर्नलमध्ये त्याच्या तीन जागा आहेत, आणि तिन्ही बरोबर आहेत.

सफाई रिस्क-फाइव्हच्या मंजूर झालेल्या सूचनांनी होत असेल (त्या विस्ताराचं नाव 'झिकबॉम'), तर ती आर्चमध्येच. ती त्या सूचनासंचाची भाषा आहे, दुसरा कुठलाही प्रोसेसर ती बोलत नाही. टी-हेड कंपनीच्या कोअरनी हा विस्तार मंजूर व्हायच्या आधीच स्वतःच्या वेगळ्या सूचना काढल्या होत्या. तो कोडही आर्चमध्येच, पण 'एराटा' (हार्डवेअरचे दोष) फोल्डरात, कंपनीच्या नावाच्या कप्प्यात. आणि तिसरी गोष्ट तुमच्यासारखी: सूचना नाहीतच, बाहेर बसलेल्या कॅश कंट्रोलरच्या रजिस्टरमध्ये पत्ता लिहिला की तो ती ओळ साफ करतो. तो कंट्रोलर चिपमधल्या बसवरचं (उपकरणं जोडणाऱ्या तारांवरचं) एक उपकरण आहे, त्याला पत्ता आहे, डिव्हाइस ट्रीत त्याचा नोड आहे. तो 'ड्रायव्हर्स/कॅश'मध्ये.

पण त्याला हाक कोण मारतं? इथंच अडतं. हाक मारतो आर्चमधला डीएमएचा कोड. मग माझा पहिला प्रश्न म्हणतो आर्च, दुसरा म्हणतो ड्रायव्हर्स.

कसबा बावड्याजवळचा राजाराम बंधारा तू बघितला असशील. पावसाळ्यात त्याची पाणीपातळी किती फूट एवढंच आपण मोबाइलवर बघतो. पण कोरड्या दिवसांत जवळून बघ. दगडी खांब कायमचे, खांबांना खाचा, आणि खाचांत बरगे. पावसाळा संपला की बरगे घालतात, पाऊस यायच्या आधी काढतात. खाच हा खांबाचा भाग. बरगा खाचेच्या मापाचा असावा लागतो, पण म्हणून तो खांबात चिणत नाहीत. कॅशचं तसंच केलंय. आर्चमध्ये फंक्शनच्या पत्त्यांचा एक छोटा तक्ता आहे, साफ कर, रद्द कर, दोन्ही कर, एवढंच त्यात. ती खाच. ड्रायव्हर उठताना आपल्या फंक्शनचे पत्ते त्या तक्त्यात नोंदवतो. आर्चला तुमच्या चिपचं नावही कळत नाही.

हे कुणा एकाला एका रात्रीत सुचलेलं नाही. साय-फाइव्ह या चिपकंपनीच्या एल-टू कॅशचा ड्रायव्हर २०१९ मध्ये आला तो 'आर्च/रिस्क-फाइव्ह'मधल्या एमएम फोल्डरात. मेमरीशी संबंध आहे ना, मग ठेवा तिथं! त्यात खरं तर जास्त काम कॅशमधल्या चुका कळवण्याचं होतं. थोड्याच दिवसांत तो उचलून 'ड्रायव्हर्स/एसओसी'त (एसओसी म्हणजे अख्खी यंत्रणा एका चिपवर) नेला. २०२३ मध्ये रेनेसासच्या आरझेड-फाइव्ह चिपसाठी अँडीज कंपनीच्या कोअरची कॅश साफ करणारा ड्रायव्हर आला, तेव्हा 'ड्रायव्हर्स/कॅश' हा नवा फोल्डर निघाला आणि साय-फाइव्हवाला बिऱ्हाड घेऊन तिथं गेला. चार वर्षांत तीन घरं. सरांना हे जरूर सांग. जे काम करणाऱ्यांनाही पहिल्या फटक्यात जमलं नाही ते आपल्याला जमलं नाही यात कमीपणा कसला?

आरझेड-फाइव्हकडे आणखी एका कारणासाठी बघ. तिच्यात रिस्क-फाइव्हचा कोअर आहे, आणि तिची जुळी बहीण आरझेड-जी-टू-यूएल, तिच्यात आर्मचा कॉर्टेक्स-ए-५५. कोअर सोडला तर आतली उपकरणं बहुतांश तीच. म्हणून रिस्क-फाइव्हची डिव्हाइस ट्री आर्म-६४ च्या फोल्डरातली फाइल सरळ आत ओढून घेते. ऑलविनर कंपनीच्या डी-वन आणि टी-११३ या चिपांचं उलटं: सामाईक फाइल रिस्क-फाइव्हच्या फोल्डरात आणि आर्मवाला ती मागून घेतो. समज, रेनेसासनं आपले सीरियल पोर्ट, पिना, क्लॉक आर्च फोल्डरात पुरून ठेवले असते तर? कोअर बदलला त्या दिवशी सगळं पुन्हा लिहायला बसावं लागलं असतं. तुमचे मालक आज रिस्क-फाइव्हवर खूश आहेत. उद्या एफपीजीएवाल्यानं आर्मचा तयार कोअर आत असलेली चिप त्याच भावात दिली, तर मालकांचं मन बदलायला एक चहा पुरेल. तुझा कॅशचा ड्रायव्हर कदाचित त्या दिवशी वाया जाईल, पण रिसेट आणि फर्नेसचा इंटरफेस जाता कामा नये.

कोअरमधला दोष मात्र आर्चमध्येच. तू लिहिलेलं नाहीस, पण माझा अंदाज आहे की एका पत्त्यापुरती टीएलबी (मेमरीच्या पत्त्यांची कोअरमधली नोंदवही) साफ करायची सूचना नीट चालत नसावी, म्हणून सर पूर्ण टीएलबी साफ करत असतील. अगदी याच जातीचा दोष साय-फाइव्हच्या कोअरमध्ये होता आणि त्याचा उपाय 'आर्च/रिस्क-फाइव्ह/एराटा'मध्ये आहे. तो कसा लिहिलाय ते बघ. बूट होताना कर्नल कोअरला कंपनीचा, रचनेचा आणि आवृत्तीचा आकडा विचारतं. जुळला तर त्या जागची सूचना तिथल्या तिथं बदलून टाकतं, नाही जुळला तर इतरांना एका 'इफ'चाही भुर्दंड नाही. सरांनी 'इफडेफ' (कंपाइल करतानाच कोड घ्यायचा की वगळायचा ते ठरवणारी अट) घातलं असेल तर तेवढं या पद्धतीत बसव. या एका तुकड्यापुरते सर शंभर टक्के बरोबर आहेत, हे त्यांना आधी सांग. बोलण्याचं पहिलं वाक्य तेच असू दे.

रिसेट अगदीच सोपं. एका रजिस्टरमध्ये एक आकडा लिहिला की बोर्ड रिसेट होतो, एवढंच असेल तर 'सिसकॉन रीबूट' नावाचा तयार ड्रायव्हर आहे. डिव्हाइस ट्रीत ऑफसेट आणि आकडा लिही, सी कोड शून्य.

किरकोळ रजिस्टरांच्या ब्लॉकबद्दल मात्र सावध करते. प्रत्येक चिपमध्ये असा एक ब्लॉक असतोच. एका बिटानं यूएसबी चालू, दुसऱ्यानं इथरनेटचा मोड, तिसऱ्यात चिपची आवृत्ती. घरातला तो एक खण आठव, ज्यात रबर, जुनी किल्ली, सुतळी आणि गॅसचं पुस्तक एकत्र असतं. माणूस म्हणतो, हे कुठंच बसत नाही, टाका 'ड्रायव्हर्स/एसओसी'त. तो फोल्डर २०१४ मध्ये निघाला तो यासाठीच. पण तिथं इतका माल साचला की नंतर नंतर तो बाहेर काढायचंच काम चाललंय. कॅशवाला गेला हे सांगितलंच. २०२३ मध्येच पॉवर डोमेनचे ड्रायव्हर उचलून त्यांना 'पीएमडोमेन' हा वेगळा फोल्डर दिला. म्हणून आधी त्या ब्लॉकला 'सिसकॉन' (अनेक ड्रायव्हरांनी वाटून घ्यायची रजिस्टरं) म्हणून उभा कर आणि ज्या ड्रायव्हरला जो बिट लागतो त्याला तो तिथून घेऊ दे. सगळं वाटून झाल्यावर जे खरंच कुणाचंच नाही तेवढंच एसओसीत ठेव. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा चिपची आवृत्ती वाचणारी पन्नासेक ओळींची फाइल उरते.

आणखी एक खोड काढ, सरांचीही आणि तुझीही. जुन्या सवयीनं लिहिलेल्या कोडात रजिस्टर वाचल्यावर हातानं फेन्सची सूचना (वाचण्या-लिहिण्याचा क्रम राखणारी) टाकलेली असणार. काढून टाक. फौंड्रीत पॅटर्न बनवणारा साधी पट्टी वापरत नाही. ओतलेलं लोखंड थंड होताना साधारण शंभराला एक आकसतं, म्हणून त्याची श्रिंकेजची पट्टी तेवढी ताणलेली असते. ॲल्युमिनियमची पट्टी वेगळी. पण पॅटर्नवर कुणी "यात एक टक्का मिळवा" असं लिहीत नाही, पट्टी बदलली की झालं. कर्नलमध्ये रजिस्टर वाचायची 'रीडएल' आणि लिहायची 'राइटएल' ही ती पट्टी. रिस्क-फाइव्हवर वाचल्यानंतर आणि लिहिण्याआधी फेन्स पडते, आर्म-६४ वर त्यांची बॅरियर पडते, इंटेलवर जवळजवळ काहीच लागत नाही. ती पट्टी आर्चनं करून ठेवलीय. ड्रायव्हरनं ती वापरावी आणि आपण कुठल्या धातूसाठी माप घेतोय ते विसरून जावं. तुझ्या ड्रायव्हरात असेम्ब्लीची एकही ओळ उरली नाही, तर तो बरोबर फोल्डरात गेलाय असं समजायला हरकत नाही.

आता सरांचा शेवटचा डाव: "आपल्याला कुठं पाठवायचंय?" ५.१५ ते ६.६ च्या तीन आठवड्यांत तू नेमकं काय केलंस ते लिहून काढ. माझी पैज आहे, त्यातला बहुतेक वेळ कुणीतरी आतलं फंक्शन बदललं आणि तुमच्या मॅक फोल्डराला ते कळलंच नाही, हे शोधण्यात गेला. ड्रायव्हर्समध्ये असलेल्या कोडाला 'कंपाइल टेस्ट'चा पर्याय देता येतो. म्हणजे चिप रिस्क-फाइव्हची असली तरी फाइल तुमच्या ऑफिसातल्या इंटेलच्या पीसीवरही कंपाइल होते, काही मोडलं तर बिल्डमध्येच ओरडते. अपस्ट्रीम गेली तर बाहेरची यंत्रं रोज ती बांधून बघतात. आर्चच्या कोडाला ती सोय नाही, तो त्याच आर्चवर बांधावा लागतो. न पाठवताही एवढा फायदा आहे. आणि पाठवायचं झालंच, तर 'मॅक' फोल्डर घेऊन गेलात की कोडाची पहिली ओळ वाचायच्या आत परत येईल.

एक अट मात्र आधीच कानावर घालते. तुमच्या कोअरमध्ये मालकांच्या हौसेपायी घातलेली स्वतःची सूचना असेल, तर ती आर्चमध्ये घ्यायला रिस्क-फाइव्हचे मेंटेनर सहसा तयार होत नाहीत. प्रमाण विस्तार गोठलेला किंवा मंजूर असावा लागतो, कंपनीचा स्वतःचा असेल तर तो बाजारात सहज मिळणाऱ्या हार्डवेअरमध्ये असावा लागतो. शिरगावच्या एका शेडमधले बारा बोर्ड म्हणजे बाजार नव्हे. तेवढा पॅच घरीच सांभाळा.

सरांशी बोलायचं कसं, हा तुझा खरा प्रश्न होता, आणि मी तांत्रिकच बोलत बसले. मीटिंगमध्ये विषय काढू नकोस. चारचौघांत कुणी डाव हरत नाही, निकालाची कुस्ती होऊन बसते. संध्याकाळी दोघंच असताना बस. रिसेट आणि प्लिक आधी पुसून दाखव. कोड कमी झाला आणि बोर्ड तसाच चालतोय, याला कुणीच हरकत घेत नाही. मग कॅशचा ड्रायव्हर एकत्र लिहायला घ्या. रजिस्टरांचा स्वभाव सरांनाच माहीत असणार, तुला नाही. कमिटवर 'को-डेव्हलप्ड-बाय' म्हणून त्यांचं नाव, त्याखाली त्यांची 'साइन्ड-ऑफ-बाय'. एराटावाला पॅच पूर्ण त्यांच्या नावानं जाऊ दे, तो त्यांचाच आहे.

फाइल हलवताना पहिला कमिट नुसता 'गिट मूव्ह'चा ठेव, आत एकही ओळ बदलू नकोस, नाहीतर सरांनी लिहिलेल्या ओळींचा इतिहास शोधायला जड जाईल आणि तुझ्या नावावर दिसेल. त्यानंतर डिव्हाइस ट्रीचं वर्णन, मग ड्रायव्हर, मग बोर्डाची डीटीएस (डिव्हाइस ट्रीची फाइल), असे वेगळे कमिट. प्रत्येकावर 'गेट मेंटेनर' स्क्रिप्ट चालव, पॅच कुणाकडे जायला हवा ते ती सांगते. एकाच पॅचला पाच चौकटींचे लोक दिसले तर पॅच फोडायचा राहिलाय. शेवटी आर्चमध्ये तुमच्या चिपच्या नावाचं काय उरेल? 'केकॉन्फिग-एसओसीज' फाइलीतल्या चार ओळी आणि डीटीएसचा एक फोल्डर.

आणि रिसेटचा जुना कोड पुसायच्या आधी ऑफसेट दोनदा तपास, डिव्हाइस ट्रीत तो सहसा हेक्समध्ये (सोळाच्या पायात) लिहितात. एकदा मी हेक्सची खूण, ० एक्स, विसरले होते आणि दुपारभर रीबूट म्हटलं की बोर्डाचा पंखा बंद व्हायचा.